सातारा खायला निघालात? आधी चढ विचारा, मग काटा बघा

मेहुणा साताऱ्याचा. फोनवर म्हणाला, "दाजी, स्टँड ते राजवाडा दोनेक किलोमीटर तर आहे. खात खात कधी पोचाल कळायचं नाही." कळलं. चांगलंच कळलं. हा गडी दहा वर्षं तो रस्ता स्कूटीवरनं करतोय, हे मला संध्याकाळी समजलं.

सांगलीहून जाणार असाल तर रेल्वेनं जाऊ नका. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, पार माहुलीकडे आहे. तिथून पोवई नाक्याला यायला रिक्षावाल्यानं जो आकडा सांगितला, त्यात आम्हा दोघांची मिसळ भागली असती. एसटीनं जा, स्टँडवरून नाका जवळ पडतो.

नाक्यावरची मिसळ बरी होती. बरी म्हणजे नुसती बरी, पुन्हा त्यासाठी जाणार नाही.

आता चढाचं. गाव अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलंय, असं शाळेत वाचलं होतं. कुशीत म्हणजे उतारावर, हे पोटऱ्यांना आत्ता समजलं. गावातून दोन मुख्य रस्ते जातात, राजपथ आणि कर्मवीर पथ. लोक म्हणतात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, आणि ती नावं काही उगाच पडलेली नाहीत. मेहुण्याच्या यादीत एक वडा खाली, पुढचं दुकान वर, मग भजी परत खाली. शेटे चौकातून कमानी हौदाकडे वर चढलो तेव्हा दुपारचा दीड, पोटात मिसळ, त्यावर दोन वडे. दर रविवारी दंडोबाचा डोंगर चढणारी माणसं आम्ही, पण रिकाम्या पोटी चढतो. बायको एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना. "तुमचा मेहुणा" म्हणाली. तिचा सख्खा भाऊ, पण त्या पायरीवर तो माझा मेहुणा झाला.

पेढ्यांचं मात्र नीट सांगतो, कारण सातारा खायचं म्हणजे शेवटी कंदी पेढाच. खवा तांबूस होईपर्यंत परततात, साखर बेताची. म्हणून तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो आणि जिभेवर रवाळ लागतो. मोतीचौकाच्या आसपास दुकानंच दुकानं आहेत. चव घेऊन मगच घ्या. चव द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

पण काटा बघा. एका दुकानात पोऱ्यानं आधी खोकं ठेवलं, त्यात पेढे भरले आणि अर्धा किलो झाला म्हणून झाकण लावलं. काटा शून्यावर घेतलाच नव्हता. रिकामं खोकं ठेवायला लावलं, तर ६४ ग्रॅम! भाव किलोला ५२० रुपये. म्हणजे खोक्यामागं ३३ रुपये पुठ्ठ्याचे, आणि आम्ही चार खोकी घेत होतो. खोक्याचं वजन मिठाईत धरता येत नाही, वैधमापनाचा, म्हणजे सरकारी वजनमापाचा नियमच आहे. मी तसं म्हटल्यावर मालक गोड हसला आणि म्हणाला, "सगळीकडं असंच असतं, साहेब." नाही हो, पुढच्याच दुकानात नव्हतं. तिथल्या बाईंनी न सांगता काटा शून्य केला, वर एक पेढा हातावर ठेवला.

अजून एक. सुट्या मिठाईसमोर कधीपर्यंत खावी ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. पाटी दिसली नाही तर विचारा. पेढा कोमट असेल तर खोकं लगेच बंद करू देऊ नका. झाकणाला घाम सुटतो आणि घरी पोचल्यावर दोन दिवसांत बुरशी.

संध्याकाळी राजवाड्यापाशी भेळ खाल्ली. चिरमुरे आमच्या भडंगाच्या पासंगालाही पुरत नाहीत. हे सांगलीकर बोलतोय, तेवढं वजा करून वाचा.

दुसऱ्या दिवशी चार भिंती हे टेकडीवरचं स्मारक बघितलं, छान वारा होता.

तुम्ही जाल तेव्हा हा सगळा प्रकार उलटा करा. चार वाजता रिक्षा करून थेट राजवाडा गाठा, भाडं बसायच्या आधी ठरवा. तिथलं खाणं उरका, मोतीचौकात पेढे घ्या आणि राजपथानंच पोवई नाक्याकडे उतरा. खालच्या रस्त्याच्या नादी लागू नका, वडा कितीही चांगला असला तरी.

आम्हालाही परतताना उतारच होता. तरी रिक्षा केली.