तारेवरून उतरवलेली पत्रं

पहिली चूक मी पहिल्याच दिवशी केली. मामाची पत्रं आईकडे माळ्यावरच्या ट्रंकेत होती, जाड तारेत ओवलेली. पूर्वी घरोघरी खुंटीला अशी तार टांगलेली असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं पत्र वाचून झालं की त्यात खुपसायचं. मी आकडा सरळ केला आणि सगळी पत्रं एका झटक्यात सतरंजीवर ओतली. वर शहाणपणा म्हणून गच्चीत उन्हाला पसरली. मार्चमधलं सातारचं वारं, पुढचं सांगायला नको. सगळ्यात खाली सगळ्यात जुनं पत्र, हा क्रम आईनं वीस वर्षं विशेष काही न करता सांभाळला होता. मी तो दहा मिनिटांत मोडला.

मामा भयकथा लिहायचा. दिवाळी अंकांत, रहस्यकथांच्या मासिकांत. आज त्याचं नाव कुणाला आठवायचं नाही. १९५९ साली कारकुनाची नोकरी धरून साताऱ्याहून मुंबईला गेला, गिरगावातल्या चाळीत राहिला आणि साधारण दर महिन्याला थोरल्या बहिणीला, म्हणजे आईला, पत्र टाकत राहिला. एकूण दोनशे बारा पत्रं. निम्मी पोस्टकार्डं, बाकी निळी आंतरदेशीय.

ही पत्रं नीट लावायचं डोक्यात आलं ते भाच्यामुळे. तो इंग्रजी भयकथांचा वेडा. एच. पी. लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन लेखकानं न्यूयॉर्कहून लिहिलेल्या पत्रांचा जाडजूड संग्रह त्यानं माझ्यापुढे टाकला. मी बँकेत जन्म काढलेली बाई, भुतांशी माझा संबंध थकीत कर्जापुरता. पण संपादकांतलं एक नाव वाचून थबकले. एस. टी. जोशी, म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म पुणे, १९५८. लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या या माणसानं लव्हक्राफ्टच्या कथांचे शुद्ध पाठ लावण्यात आणि पत्रं छापून आणण्यात सगळी हयात घातली. म्हटलं, पुण्यात जन्मलेला माणूस परक्या लेखकासाठी एवढं करतो, तर मला सख्ख्या मामाचं एक ट्रंकभर काम व्हायला काय हरकत आहे?

लव्हक्राफ्ट प्रॉव्हिडन्स या गावचा. गाव त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. ३ मार्च १९२४ ला न्यूयॉर्कमध्ये सोनिया ग्रीनशी लग्न केलं आणि तिथंच बिऱ्हाड थाटलं. तिचं टोप्यांचं दुकान बुडालं, याला नोकरी मिळेना, वर्ष सरता सरता ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि हा ब्रुकलिनमधल्या क्लिंटन स्ट्रीटवर एका खोलीत एकटा. मे १९२५ मध्ये चोरांनी त्याचे सूट लांबवले. आणि हे सगळं तो गावाकडच्या मावशीला लिहितो! पाव केवढ्याला पडला, डब्यातली घेवड्याची उसळ किती दिवस पुरवली, नवा सूट स्वस्तात मिळावा म्हणून किती दुकानं पालथी घातली. दिवसाला मोजक्या सेंटांत जेवण भागवल्याचा हिशेब वाचून मला हसू आलं, कारण आमच्या ट्रंकेत हेच होतं, फक्त रुपये-पैशांत. खानावळीचे पैसे वाढले. छत्री ट्रामात राहिली. रविवारी दांडी मारून सुटं पिठलं केलं, करपलं.

तर क्रम. बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही, नुसतं ‘गुरुवार’ किंवा ‘वद्य पंचमी’. पोस्टाचे शिक्के पुसट, काहींवर नेमकं तारेचं भोक आणि भोवती गंजाचं कडं. मोबाईलवर फोटो काढून मोठं करून पाहिलं, टॉर्चचा तिरपा उजेड टाकून पाहिलं, त्यानं थोडी निघाली. बाकीच्यांसाठी मजकुरातच शोध. पत्त्यात पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हाच सुरू झाला (उलट मात्र म्हणता येत नाही, मामा आळशी, पुढेही पुष्कळदा पिन घालायचाच नाही). ‘शेवटची ट्राम बघायला गेलो, गर्दीत चप्पल गेली’ हे ३१ मार्च १९६४ च्या आसपासचं. ‘स्वयंपाकघराची भिंत कितपत तडकली? खरं कळव’ हे कोयनेच्या भूकंपानंतरचं, डिसेंबर १९६७. ट्रामचं पत्र आणि भूकंपाचं पत्र हे माझे दोन खुंटे. बाकीची पत्रं त्यांच्या अलीकडे-पलीकडे बांधत गेले.

अनुस्वारांनीही मदत केली. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मामा वर्षभर चाचपडत होता. एकाच पत्रात ‘घरांत’ आणि ‘घरात’. टाइप करताना माझी बोटं सगळं सरळ करायला धावायची. चार पत्रं तशी सुधारूनही टाकली होती. भाच्यानं जोशींचं उदाहरण दिलं: लेखकानं जे लिहिलं तेच छापायचं, आपली अक्कल तळटीपेत. ती चारही परत होती तशी केली.

कागदांचं थोडक्यात सांगते. सेलोटेप अजिबात लावू नका. आधी कुणीतरी लावलेल्या पट्ट्या तपकिरी होऊन अक्षरं खाऊन बसल्या होत्या. घड्या एकदम उलगडू नका. मी एक झेरॉक्सवाल्याकडे नेलं तर त्यानं ते मशीनमध्ये दाबलं आणि घडीवर दोन तुकडे झाले. तेव्हापासून घरच्या टेबलावर, फोनवरच.

खरं जड गेलं ते पुढचं. काय ठेवायचं?

एका प्रकाशकांना नमुना पाठवला. म्हणाले, “बाई, यात भय कुठंय? कथांविषयीची पत्रं निवडा, खानावळ काढा.” खानावळ काढली तर चाळीस पत्रंसुद्धा उरत नव्हती. मामेभावाचं म्हणणं वेगळं. त्याची परवानगी लागणारच होती, कारण पत्राचा कागद ज्याला आला त्याचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या माघारी वारसांचा. मामेभाऊ सही करायला तयार होता, एका अटीवर: चाळीतल्या शेजाऱ्यांबद्दलची पत्रं गाळायची. मामा परप्रांतातून आलेल्या लोकांबद्दल फार वाईट लिहायचा. त्यांच्या स्वयंपाकाचा वास, त्यांची भाषा, जिन्यावरची त्यांची पोरं. स्वतः साताऱ्याहून उपरा आलेला माणूस!

लव्हक्राफ्टकडे हे फार मोठ्या मापात आहे. न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांचा त्यानं केलेला द्वेष वाचताना मी पुस्तक दोनदा मिटलं. त्याच्या मृत्यूनंतर पत्रांचे पहिले पाच खंड आले, १९६५ ते १९७६, त्यांत पत्रं कापून छापली होती. नंतरच्या संपादकांनी पूर्ण छापली, ओंगळ भागासकट. मी मामेभावाला सांगितलं, मामाची छत्री हरवली हे खरं आणि जिन्यावरच्या पोराला त्यानं शिवी घातली हे खोटं, असं कसं होईल? दोन महिने तो बोलला नाही. मग सही आली, सोबत चिठ्ठी: ‘शेजाऱ्यांची खरी नावं तरी काढ.’ हे मात्र मी मानलं. त्या पोराला आज नातवंडं असतील.

आईची उत्तरं मिळाली नाहीत. लव्हक्राफ्टनं सोनियाला लिहिलेली ट्रंकभर पत्रं तिनं पुढे एका शेतात नेऊन पेटवून दिली. आमच्या मामीनं एवढं नाटक केलं नाही. खोली बदलताना रद्दीवाल्याला घातली, वजनावर. “तेव्हा कुठं माहीत होतं तू मागशील म्हणून?” असं म्हणाली, त्यावर काय बोलणार.

म्हणजे संवाद एकाच बाजूचा. मामाचे प्रश्नच प्रश्न. आणि टाइप करता करता दिसलं की बरेचसे प्रश्न घराबद्दल होते. मंगळवार पेठेतल्या वाड्याच्या मागच्या दाराला आता कोणती कडी आहे? माजघरात दुपारी कवडसा कुठवर येतो? आडाला दोर किती हात लागतो, मोजून कळव. आईचं सासरही साताऱ्यातच, तेव्हा हे मोजायला ती चालत माहेरी जायची. वाचनालयात बसून मी मामाचे जुने दिवाळी अंक काढले. त्याच्या एका कथेत आड आहे, रात्री दोर आपोआप खाली सुटत जाणारा. मुंबईतली एकही कथा नाही. गिरगावच्या खोलीत बसून हा माणूस वीस वर्षं आमच्याच वाड्यातून फिरत होता, आणि वाचकांना घाबरवायला त्याला तिथल्या कडीचा आवाज अगदी बरोबर हवा होता. लव्हक्राफ्टही १७ एप्रिल १९२६ ला प्रॉव्हिडन्सला परतला आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं आज सगळ्यांत गाजलेली त्याची कथा लिहिली. तीत प्रॉव्हिडन्स आहेच.

वाडा पडला, आड बुजवला, वर पार्किंग झालं. शेवटी स्पायरल करून पाच प्रती काढल्या, खानावळ, छत्री, शिव्या सगळ्यांसकट. पहिली आईला दिली. तिला आता अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, भिंगानं वाचते. दोराच्या पत्राशी थांबली.

“त्यानं गोष्टीत किती लिहिलं?”

“अठरा हात.”

“सोळाच होते,” आई म्हणाली. “मी दोन वाढवून कळवले. म्हटलं, गोष्टीला बरे.”

ती प्रत परत घेऊन पान त्र्याऐंशीवर मी पेन्सिलनं तळटीप घातली.