नवीन घर, नवी डिश आणि बाल्कनीतून दिसणारं आकाश

शिफ्ट होऊन आता चार महिने होत आले, सामान लागलं, पडदे लागले, आणि आता कुठे निवांत बसून हे लिहितेय, कारण या सगळ्या शिफ्टिंगमध्ये मला सगळ्यात जास्त दमवलं ते टीव्हीने. फर्निचरने नाही, पत्ता बदलायच्या कागदपत्रांनीही नाही, टीव्हीच्या डिशने. आणि माझ्या ओळखीतले दोघंजण पुढच्या काही महिन्यांत घर बदलतायत, त्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे टीव्ही म्हणजे मुख्यतः आईचा. तिचे गुडघे दुखतात, बाहेर पडणं कमी झालंय, दुपारी जुन्या गाण्यांचा चॅनल आणि संध्याकाळी बातम्या हे तिचं ठरलेलं. त्यामुळे "चार दिवस टीव्ही नसला तर काय बिघडलं" असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला विचारा काय बिघडतं ते.

जुन्या घरी आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर होतो, डिश गच्चीवर, आकाश चारी बाजूंनी मोकळं. इतकी वर्षं ती डिश कुठल्या दिशेला बघते हे मी कधी बघितलंच नव्हतं, गरजच पडली नाही. नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, गच्ची आपली नाही, डिश लावायला फक्त बाल्कनी. मी आपलं शिफ्टिंगच्या आधीच जुन्या कंपनीला फोन करून कनेक्शन नवीन पत्त्यावर हलवायची रिक्वेस्ट टाकली आणि विषय संपला असं समजले.

टेक्निशियन आला, चांगला मुलगा होता, दोन तास बाल्कनीत उभा राहून डिश फिरवत होता. सिग्नल स्ट्रेंग्थ सत्तरच्या वर दिसत होती आणि क्वालिटी शून्य. मला वाटलं सत्तर म्हणजे चांगलंच आहे की, मग चित्र का येत नाही? तेव्हा त्याने समजावलं, आणि हे प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती सिग्नल येतोय ते, त्यात नको तो गोंगाट पण आला आणि शेजारच्या भलत्याच उपग्रहाचा सिग्नल पण आला. क्वालिटी म्हणजे त्यातलं आपल्या कामाचं, बिनचूक वाचता येण्यासारखं किती आहे ते. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर बहुतेक वेळा डिश चुकीच्या जागी बघतेय किंवा समोर काहीतरी आडवं आहे. आमच्याकडे आडवी होती समोरची नऊ मजली बिल्डिंग. त्या कंपनीचा उपग्रह आग्नेयेला आणि बिल्डिंग पण बरोब्बर तिथेच.

तोपर्यंत माझ्या डोक्यात असं होतं की उपग्रह म्हणजे वर कुठेतरी असतो, सिग्नल सगळीकडून पडतो. तसं नाहीये. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात, कारण त्याच उंचीवर उपग्रहाची एक फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी सारख्याच वेळात होते आणि म्हणून तो आपल्याला आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. असा पहिला उपग्रह, सिन्कॉम ३, १९६४ साली सोडला गेला आणि त्याच वर्षीच्या टोकियो ऑलिम्पिकचं प्रक्षेपण त्याच्यामार्फत पॅसिफिक महासागरापलीकडे गेलं. उपग्रह जागचा हलत नाही म्हणूनच आपली डिश एकदा फिट करून वर्षानुवर्षं विसरून जाता येते. पण वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह त्या विषुववृत्ताच्या वरच्या रांगेत वेगवेगळ्या जागी असू शकतात. आम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला राहणारी माणसं, आमच्यासाठी ती सगळी रांग दक्षिणेच्या अर्ध्या आकाशात, एक आग्नेयेला तर दुसरा नैऋत्येला. तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला असाल तर तुमच्यासाठी हीच रांग उत्तरेच्या बाजूला.

म्हणजे मुद्दा असा की नवीन घरात कुठली कंपनी चालेल हे पॅक आणि ऑफर बघून ठरतच नाही. आधी बाल्कनीतून किंवा खिडकीतून आकाशाचा कुठला तुकडा दिसतो ते बघायचं, मग त्या तुकड्यात कुठल्या कंपनीचा उपग्रह येतो ते बघायचं, आणि मग चॅनल, पॅक वगैरे. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि आईचे सोळा दिवस टीव्हीविना गेले.

बघायचं कसं तर आता फोनमध्ये अशी ॲप्स आहेत की कॅमेरा आकाशाकडे धरला की उपग्रह कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. फक्त एक लक्षात ठेवा, फोनमधलं होकायंत्र लोखंडी ग्रिल किंवा कठड्याजवळ चुकतं, आमच्या बाल्कनीत ते चांगलंच भरकटत होतं, त्यामुळे थोडं मोकळ्यात येऊन दिशा बघा आणि मग लांबची एखादी खूण धरून ठेवा. उंचीचा अंदाज घ्यायला तर ॲपही लागत नाही. उपग्रह क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर समोरची बिल्डिंग तुमच्या डिशपेक्षा जितकी उंच आहे निदान तितकी लांब हवी, ३० अंशांवर असेल तर जवळजवळ पावणेदोनपट लांब. आणि झाड! झाडाला लोक धरतच नाहीत. पानातून सिग्नल जात नाही म्हटलं तरी चालेल, ओल्या पानातून तर नाहीच. पानगळीच्या दिवसांत घर बघितलंत तर समोरच्या उघड्या फांद्यांवर पानं आल्यावर काय होईल याचा विचार करा, आणि झाडं वाढतात, आज हातभर मोकळं आहे ते तीन वर्षांनी नसेल. अजून एक, हल्लीच्या बहुतेक घरगुती डिश दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर बघत असतात. एलएनबी, म्हणजे पुढे दांड्यावर असतो तो डबा, मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो, म्हणून डिश जवळजवळ सरळ उभी दिसली तरी तिची नजर त्याहून वीसेक अंश वर असते. त्यामुळे डिशचं तोंड भिंतीकडे दिसतंय म्हणून लगेच घाबरू नका.

आता जुन्या कंपनीचं. सिग्नल येत नाही हे त्यांचाच माणूस सांगून गेला तरी फोनवर मला तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली, एकाने तर करार संपेपर्यंत बंद करता येणार नाही असं सांगितलं. मला खूप राग आला, कारण जी सेवा तुम्ही इथे देऊच शकत नाही तिच्यासाठी माणसाला बांधून कसं ठेवता? शेवटी कामी आली ती एकच गोष्ट, त्या मुलाकडून मी त्याच दिवशी त्याच्या कामाच्या शीटवर "उपग्रहाच्या दिशेला अडथळा, इन्स्टॉलेशन शक्य नाही" असं लिहून घेतलं होतं आणि फोटो काढून ठेवला होता. तो फोटो मेलवर पाठवल्यावर विषय तीन दिवसांत मिटला. तेव्हा टेक्निशियन दारातून बाहेर पडायच्या आधी लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका. बॉक्स आणि रिमोट परत द्यायचा असेल तर त्यांचेही नंबरासकट फोटो आणि परत दिल्याची पावती, आणि कनेक्शन बंद केल्याचा मेल, हे सगळं जपून ठेवा.

आणि एक गोष्ट गेली ती गेलीच. जुन्या बॉक्समध्ये आमची बरीच रेकॉर्डिंग होती. माझा मामा, जो आता नाही, एका संगीताच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत बसलेला दिसायचा, तिसऱ्या रांगेत, टाळ्या वाजवताना, जेमतेम वीस सेकंद. आई ते अधूनमधून लावून बघायची. मला वाटलं होतं बॉक्सच्या डिस्कवरून कॉपी करून घेऊ, पण ही रेकॉर्डिंग डिस्कवर कुलूपबंद स्वरूपात साठवलेली असतात, ज्या बॉक्सवर केली त्याच बॉक्सवर उघडतात, कंप्युटरला किंवा नव्या कंपनीच्या बॉक्सला जोडून काही उपयोग नाही, आणि आमच्या बॉक्सवर तर कनेक्शन बंद झाल्यावर त्याच बॉक्समध्येसुद्धा चालेनात. कनेक्शन चालू असताना नुसतं लावून समोरून फोनने शूट करून ठेवलं असतं तरी चाललं असतं. तुमच्याकडे असं काही असेल तर कृपा करून बंद करायचा फोन करण्याआधी हे काम करा, आजच करा.

नवीन कंपनी मग मी आकाश बघूनच घेतली, नैऋत्येला उपग्रह, बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यातून मोकळी जागा. जुनी डिश तशीच वापरता येईल का हे मी विचारलं. पत्र्याची वाटी काय, कुठल्याही कंपनीला चालते, साइज पुरेसा असेल आणि वाकलेली नसेल तर. एलएनबीचं मात्र बघावं लागतं, काही उपग्रहांचा सिग्नल आडवा-उभा असतो आणि काहींचा गोल फिरत येणारा, त्याप्रमाणे एलएनबी वेगळा लागू शकतो. आमच्याकडे त्यांनी सगळंच नवीन लावलं.

दोन टीव्हीसाठी मी त्यांना म्हटलं की एकाच केबलला जोड देऊन दुसऱ्या खोलीत न्या, तर ते होत नाही, आणि का होत नाही ते कळल्यावर मला बरं वाटलं. साध्या कनेक्शनमध्ये बॉक्स केबलमधून वर एलएनबीला करंट पाठवतो, १३ व्होल्ट पाठवले तर एका प्रकारचा सिग्नल खाली येतो आणि १८ पाठवले तर दुसऱ्या प्रकारचा. दोन बॉक्स एकाच वायरवर बसले आणि एकाने १३ मागितले नि दुसऱ्याने १८, तर एलएनबी ऐकणार कुणाचं? म्हणून दोन तोंडांचा एलएनबी आणि प्रत्येक बॉक्सला स्वतःची वायर, किंवा मग एकाच वायरवर अनेक बॉक्स चालावेत म्हणून बनवलेली खास सिस्टिम. हे भिंतीला रंग द्यायच्या आधी ठरवा.

पहिल्या आठवड्यात पाऊस आला आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन बंद. मी लगेच कंप्लेंट टाकली. फोनवर उत्तर मिळालं की पावसात असं होतंच. हे अर्धंच खरं आहे. या सिग्नलची लहर साधारण अडीच सेंटीमीटरची, जोरदार पावसाचे थेंब ती शोषतात आणि विखुरतात, त्यामुळे ढगफुटीसारख्या पावसात दहा-पंधरा मिनिटं जाणं समजू शकते. पण साध्या पावसात जात असेल तर डिश नीट रोखलेली नाही. ६० सेंटीमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की नजर एक अंशाने हलते आणि एक अंश म्हणजे तिकडे वर सहाशे किलोमीटरहून जास्त. कोरड्या दिवशी एवढी चूक खपून जाते कारण डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ देतो, मुंग्या नाहीत काही नाही, आणि त्या मर्यादेखाली गेला की एकदम काहीच नाही. म्हणून "चित्र छान दिसतंय" हा काही पुरावा नाही, क्वालिटीचा आकडाच बघायचा.

दुसऱ्यांदा जो माणूस आला तो वयस्कर होता, त्यांनी आधी डिशला हातच लावला नाही, खांबाला ओळंबा लावला. खांब किंचित कललेला होता. काका म्हणाले, खांब ओळंब्यात नसेल तर वरचं सगळं मोजमाप खोटं. त्यांनी बोल्ट ढिले करून खांब सरळ केला, मग डिश केसभर केसभर फिरवत, एलएनबीसुद्धा त्याच्या पकडीत थोडा फिरवून, क्वालिटी ५८ वरून ८१ वर नेली. बाहेरच्या कनेक्टरवर पाणी शिरू नये म्हणून स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळली आणि घरात शिरायच्या आधी वायरला खाली एक झोल ठेवला, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न येता तिथूनच खाली टपकतं. त्यानंतर दोनदा चांगला जोराचा पाऊस झाला, एकदाही गेलं नाही. अशा माणसांचं काम बघायला मला फार आवडतं. जास्त पावसाच्या ठिकाणी राहत असाल तर मोठी डिश मागा, ९० सेंटीमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ ६० वालीच्या सव्वादोनपट असतं, तेवढा सिग्नल जास्त गोळा होतो.

मग गेल्या आठवड्यात परत आईची हाक आली, गाण्यांचा चॅनल गेला म्हणून. बाहेर कडक ऊन, ढगाचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी परत, जवळजवळ त्याच वेळेला. मला आधी त्या समोरच्या बिल्डिंगवर काहीतरी उभं राहिलं की काय अशी धास्ती वाटली. काकांना फोन केला तर म्हणाले, काही करू नका, सूर्य आलाय. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काही दिवस दुपारी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, आणि सूर्याच्या स्वतःच्या लहरींत उपग्रहाचा बारीक सिग्नल बुडून जातो. काही मिनिटांत आपोआप येतं.

तिसऱ्या दिवशी मी वेळ धरून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. चित्र गेल्याचं आईने आतून सांगितलं तेव्हा डिशवर पूर्ण ऊन होतं आणि पत्र्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाचा कवडसा बरोबर एलएनबीच्या तोंडावर पडला होता. सूर्य आत्ता जिथे आहे तिथेच उपग्रह, आणि समोर ना बिल्डिंग, ना झाड, ना कठड्याची कड, सगळं मोकळं. डाव्या कोपऱ्यात, जिथे पहिल्या मुलाने दोन तास घातले होते, तिथे त्या वेळीसुद्धा ऊन नव्हतं. मी तशीच उभी राहिले, थोड्या वेळाने आतून गाणं परत सुरू झालेलं ऐकू आलं.