टू प्लसच्या पुढे नऊ दिवस

बायोप्सी, आईच्या स्तनातली गाठ कर्करोगाची असल्याचं निदान, सर्जनची भेट, सगळं भराभर झालं. अडलो ते एका ओळीवर. तिच्या आयएचसी रिपोर्टमध्ये, म्हणजे गाठीच्या पेशींवरची प्रथिनं रंगवून पाहणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये, लिहिलं होतं, ‘हर-टू: २+’.

प्लस दिसला म्हणजे पॉझिटिव्ह, असंच मी धरून चाललो. डॉक्टरांनी थांबवलं. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिश टेस्ट, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी, करूनच ठरतं. हर-टू हा पेशीच्या पडद्यावरचा रिसेप्टर, वाढीचा निरोप आत पोचवणारा. १७व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या, की पडद्यावर रिसेप्टरची दाटी होते, ते आपसात जोड्या जमवतात आणि पेशी वाढतच सुटते. ट्रास्टुझुमॅब हे औषध या रिसेप्टरलाच चिकटतं. म्हणून आधी खात्री हवी.

फिशसाठी पुन्हा सुई टोचायची नव्हती, बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, पुरणार होता. तो पहिल्या लॅबकडे. पहिल्या दिवशी काउंटरवर म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आणली, तर तिच्यावर बायोप्सी नंबर नाही. नंबर घालून नेली, तर पेशंटची सही हवी. सही नेली, तर ब्लॉक देणारे रजेवर. यात नऊ दिवस गेले. चारही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या नसत्या का? रोज संध्याकाळी आई विचारायची, “माझं काय ठरलं रे?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी हातात आला तो जाळीदार प्लास्टिकवर बसवलेला मेणाचा चौकोन, आत पांढुरक्या दोऱ्यांसारखे तुकडे, कडेला नंबर.

तेव्हा चिठ्ठी, बायोप्सी नंबर, पेशंटची सही आणि ओळखपत्र एकदमच न्या. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि हे खरं तर बायोप्सीच्याच दिवशी विचारायचं: तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, किती वेळ राहणार? ६ ते ७२ तास हवेत, नाहीतर हर-टूचा निकाल बिघडू शकतो.

फिश पॉझिटिव्ह आली. जनुक आणि गुणसूत्राचं प्रमाण २ च्या बरंच वर होतं, प्रतीही पेशीमागे सरासरी ४ हून जास्त. आता केमोसोबत ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर. हे औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, त्यामुळे आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागतो. त्याची तारीख मी ब्लॉकच्या फेऱ्या चालू असतानाच घेऊन ठेवली होती. निकाल आला त्याच आठवड्यात आईचा पहिला डोस झाला.