झील धरणारी माणसे

अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात वसतिगृहात असताना, एका मित्राने कोणाकडून तरी भरून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. आणि ते ध्वनिमुद्रण सदोष आहे, अशी माझी तेव्हा खात्रीच झाली होती. बाई एक ओळ म्हणते न म्हणते तोच मागून कोणी पुरुष मोठ्याने काहीतरी बोलतो, दुसरीकडून हुंकार येतो, टाळ्या पडतात आणि ऐन मोक्याच्या जागी तिचा स्वर लोकांच्या गलक्यात बुडून जातो. स्टुडिओत निगुतीने मुद्रित केलेली चित्रपटगीते ऐकून तयार झालेल्या माझ्या कानांना हा गलका म्हणजे गाण्यात आलेला व्यत्यय वाटला. तो व्यत्यय नसून तेच गाणे आहे, हे उमगायला मला बरीच वर्षे लागली.

ती कॅसेट म्हणजे ‘अमेझिंग ग्रेस’ या दुहेरी ध्वनिमुद्रिकेतला काही भाग होता. १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजेलिसमधल्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये, धर्मोपदेशक आणि भक्तिगीतांचे गायक रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड यांच्या साथीने आणि भरल्या सभेपुढे तिचे मुद्रण झाले. अरीथा तेव्हा सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताची निर्विवाद सम्राज्ञी होती. तिचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटमधले नामांकित धर्मोपदेशक. त्यांच्याच चर्चमध्ये ती लहानपणापासून गात आलेली. म्हणजे लोक मध्येच बोलणार, दाद देणार, पुढची ओळ मागून घेणार, हे तिला नवे नव्हते. उलट त्यांच्यावाचून गाणे हीच तिच्या दृष्टीने अडचण असावी, असे मला वाटते.

पोवाड्यात शाहिरामागे उभे राहून झील धरणारे झीलकरी ज्याने ऐकले आहेत, त्याला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये मात्र ठरलेल्या झीलकऱ्यांबरोबर सगळी सभाच झील धरते, आणि ती काय उत्तर देते यावर गाणारी व्यक्ती ओळ आवरायची की आणखी ताणायची हे ठरवते.

सोल संगीत जन्मले ते ही सगळी रीत चर्चच्या दारातून उचलून बाहेर आणल्यामुळे. गायक रे चार्ल्सने १९५४ साली एका गॉस्पेल गीताच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीताच्या, धाटणीवर ‘आय गॉट अ वुमन’ बांधले. देवाच्या जागी बाई आली आणि बाकी जोश तसाच राहिला. श्रद्धाळूंना हे रुचले नाही. सोल स्टिरर्स या गॉस्पेल मंडळीचा लाडका गायक सॅम कुक याने १९५६ मध्ये पहिले प्रेमगीत काढले ते ‘डेल कुक’ असे नाव घेऊन, आपल्या श्रोत्यांना पत्ता लागू नये म्हणून. अर्थात असा आवाज टोपणनावाच्या आड लपत नसतो. गंमत अशी, की भक्तिगीत आणि प्रेमगीत यांच्यामधल्या ज्या भिंतीवरून हा वाद पेटला ती मुळात फारशी भक्कम नव्हतीच. आधुनिक गॉस्पेलचे जनक मानले जाणारे टॉमस डॉर्सी हे आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची ऐहिक सुखदुःखाची गाणी, वाजवत आणि गात असत. १९३२ मध्ये बाळंतपणात पत्नी गेली, पाठोपाठ तान्हे मूलही गेले, आणि त्या दुःखातून त्यांनी ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिले. शिकागोतल्या कित्येक प्रतिष्ठित चर्चना त्यांच्या चालींना येणारा ब्लूजचा वास आधी सहन होत नव्हता.

अरीथाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीत सुमारे सहा वर्षे तिला वाद्यवृंदाच्या साथीने सफाईदार गाणी गायला लावली गेली आणि तिचे म्हणावे तसे नाव झाले नाही. १९६७ च्या जानेवारीत अटलांटिक या दुसऱ्या कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्सला घेऊन गेले आणि पियानोवर तिलाच बसवले. चर्चमध्ये ती बसत असे तसे. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला ‘रिस्पेक्ट’ मुद्रित झाले. गाणे मूळ ओटिस रेडिंग या गायकाचे, पण अरीथाच्या गाण्यात मागून झडणाऱ्या ‘जस्ट अ लिटल बिट’ या प्रत्युत्तरांकडे कान द्यावा. ते आवाज तिच्या सख्ख्या बहिणींचे आहेत. सभा सोबत नेता आली नाही, तेव्हा तिने घरची माणसे उभी केली.

आज ‘जुने सोल’ या नावाखाली जे ऐकवले जाते, ते बहुधा उपाहारगृहात जेवताना मागे वाजण्यापुरते. त्यातला गोडवा खरा आहे, मीही तो चवीने ऐकतो. पण मला आठवण येते ती त्या गोडव्याची नव्हे, मध्ये बोलणाऱ्या माणसांची. चर्चमधल्या त्या दोन रात्रींचे चित्रणही दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी केले होते. मात्र चित्रीकरणाच्या सुरुवातीला वाजवायची क्लॅपबोर्ड नावाची पाटी न वापरल्यामुळे ध्वनी आणि चित्र यांचा मेळ बसेना, आणि चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ मध्ये, अरीथाच्या निधनानंतर. त्यात एके ठिकाणी ती पियानोवर गात असताना तिचे वडील पुढे येऊन रुमालाने तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात आणि ती गाणे न थांबवता तो टिपू देते. ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र चालू असताना स्वतः क्लीव्हलंड पियानो सोडून बाजूला जातात आणि तोंड झाकून रडू लागतात.

हे स्तोत्र लिहिणारा जॉन न्यूटन हा इंग्रज एके काळी गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांचा कप्तान होता, आणि त्याचे शब्द जवळपास दोनशे वर्षांनी गुलामांच्या वंशजांनी भरलेल्या सभागृहात गायले जात होते. अरीथा ते दहा मिनिटांहून अधिक वेळ गाते. एकेका शब्दात ती इतकी रेंगाळते, की शब्द कोणता होता तेच ऐकणारा विसरतो. ती श्वास घेते तेवढ्यात सभेतून कोणीतरी ओरडते आणि ती त्या ओरडण्याच्याच स्वरावरून पुढे निघते. माझ्या कॅसेटची बाजू नेमकी तिथे संपत असे. पुढे खट् असा आवाज, आणि वसतिगृहाच्या खोलीतल्या पंख्याची घरघर.