पोट्टे, मुंबई आन् रात्रीचे लाईट

मुंबईचे लाईट पोरांना दाखवायचे असतील तर जेवणखाण उरकून रात्री निघू नका, दिवस बुडायच्या आधीच मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसा. लागलेले लाईट काय, मोबाईलवरही दिसतात, ते लागताना बघायची मजा वेगळी. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो होतो, मी, बायको, आमची दोघं आन् बहिणीचा पोरगा, बडनेऱ्याहून अमरावती-मुंबई एक्सप्रेसनं. दिवसभर पोरं घामानं हैराण, राणीच्या बागेत पेंग्विन बघितले तरी चेहरे सुतकीच. संध्याकाळी समुद्रावरचा वारा लागला तेव्हा कुठं तोंडं उघडली.

आधी मलबार हिलकडच्या उंच बिल्डिंगांत एकदोन खिडक्या उजळल्या, मग रस्त्याचे खांब लागले, मग बघता बघता सगळी वळणदार कड पिवळी झाली. भाचा समुद्राकडं तोंड करून बसला होता, त्याला लांब पाण्यात दिवे दिसले तर म्हणतो, "मामा, तिकडं कोणतं गाव हाय?" जहाजं आहेत म्हटलं तर पटेना. मग त्यातला एक दिवा हळूहळू सरकायला लागला आन् गडी गप्पच झाला.

साडेतीनेक किलोमीटरचा हा रस्ता, राणीचा हार म्हणतात त्याला. 2015 मध्ये इथले जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते तर मुंबईकर चिडले, हाराची शोभा गेली म्हणून प्रकरण पार हायकोर्टात गेलं आन् नंतर पुन्हा पिवळसर दिवे आले. मला तर हे वाचून हसूच आलं होतं, कारण आमच्या गावात खांबावरचा लाईट गेला तर नवा कोणत्या रंगाचा आला हे कोणी बघत नाही, आला हेच लय झालं. पण तिथं बसल्यावर वाटलं की बरोबर होतं त्यांचं, पांढऱ्या उजेडात हा रस्ता दवाखान्यासारखा दिसला असता.

धाकट्याचं डोकं मात्र दुसरीकडंच. "बाबा, इथं थ्री फेज रातभर असते काय?" आता त्याचाही दोष नाही, आमच्याकडं शेतीच्या पंपाच्या थ्री फेज लाईनीला पाळ्या, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आन् रात्रपाळी असली की हरभऱ्याला ओलित करायला बॅटरी घेऊन अंधारात निघावं लागते, बांधावर साप आहे का रानडुक्कर ते देवाला माहीत. त्यानं लहानपणापासून हेच पाहिलं, म्हणून त्याच्या हिशेबात उजेड म्हणजे टाईमटेबल. इथं कपड्यांचं बंद दुकान आतून लखलखत होतं तर तो काचेला नाक लावून आत कोणी आहे का ते बघत होता.

तिथून सीएसएमटीला गेलो. महापालिकेच्या इमारतीसमोर उभं राहून बघा, स्टेशन पूर्ण दिसते. दोन्ही इमारती एकाच माणसानं, फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेल्या, आन् स्टेशन 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, हे सगळं मी पोरांना सांगत होतो आन् कोणी ऐकत नव्हतं. भिंतींवर रंगीत लाईट सोडतात ते मला फार काही आवडलं नाही, लग्नाच्या मंडपासारखं वाटते. पण घुमटावर एक दगडी बाई उभी आहे, वर केलेल्या हातात मशाल. मोठीनं ती बरोबर हेरली. "बाबा, पाय ना, ते बाई बॅटरी घेऊन ओलिताले चालली." मग तिघंही तिच्या मागंच लागले, तिचं वावर कुठं, तिचा पंप किती एचपीचा, बाजूचे लोक वळून बघत होते.

सी लिंक टॅक्सीतून केला, तिथं थांबू देत नाहीत, पोरं झोपलेली. त्यापेक्षा एसी डबल डेकर भारी, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली तर सोडू नका.

आता पुढचा बेत पेंचचा. आपल्या नागपूर जिल्ह्यातलं पेंच जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे तारे बघायला अंधार राखलेलं जंगल, उजेड आभाळात जाऊ नये म्हणून आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली जमिनीकडं तोंड असलेले बसवले. मोठी तयार आहे. भाचा म्हणतो, "अंधार पाहाले पैसे देऊन कोण जाते मामा, अंधार तं आपल्या घरी फुकटात हाय." त्यालाही नेणारच आहे. दिवाळीनंतर, आभाळ मोकळं झाल्यावर, अमावास्येच्या आसपासची तारीख धरून. फक्त त्या आठवड्यात आमची लाईन दिवसपाळीची पाहिजे, म्हणजे शेजाऱ्याला पंपाचं सांगता येईल, रात्री-बेरात्री दुसऱ्याच्या वावरात कोणी जात नाही.