मनगटातून प्रोस्टेटपर्यंत : माझा अनुभव

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या रात्री सर्दीची एक साधी गोळी घेऊन मी झोपलो आणि पहाटे तीनच्या सुमारास माझी लघवी पूर्णपणे अडकली. नौपाड्यातील घराजवळच्या रुग्णालयात नळी घातल्यावर पिशवीत साडेआठशे मिलिलिटर लघवी जमा झाली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न सर्दीच्या गोळीविषयी विचारला. नाक मोकळे करणारे औषध मूत्राशयाच्या तोंडाजवळचे आणि प्रोस्टेटमधले (मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असणाऱ्या पुरुषांच्या ग्रंथीतले) स्नायू आवळते, आणि ही ग्रंथी वाढल्यामुळे चार वर्षे रोज रात्री मी घेत असलेली टॅमसुलोसिनची गोळी नेमके तेच स्नायू सैल करते. म्हणजे एका हाताने सोडलेली गाठ मी दुसऱ्या हाताने आवळली होती, आणि औषधाच्या दुकानदाराला माझ्या प्रोस्टेटविषयी सांगण्याचे मला सुचलेही नव्हते.

माझे वय अडुसष्ट, नोकरी बँकेत झाली. लघवीची धार बारीक होणे, रात्री चार-पाच वेळा उठणे, लोकलच्या प्रवासाआधी दोन तास पाणी न पिणे, या सगळ्याला मी ‘वयाचा भाग’ म्हणत आलो होतो. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत स्लो लोकलने तासभर लागतो आणि डब्यात स्वच्छतागृह नसते. त्यामुळे कोणत्या स्टेशनवर ते कोणत्या टोकाला आहे हे मला पाठ झाले होते. या पाठांतराचा मला थोडा अभिमानही वाटत असे, हे आज लिहिताना हास्यास्पद वाटते.

तीन दिवसांनी नळी निघाली, लघवी सुरू झाली आणि मी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. तिथे एक प्रश्नावली भरून द्यावी लागते. तिच्यात सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. आठपासून मध्यम आणि विसापासून तीव्र त्रास समजतात. मी चौदा गुण लिहिले. पत्नी शेजारी बसली होती, तिने कागद ओढून घेतला आणि म्हणाली, “अहो, रात्री किती वेळा उठता ते मला विचारा, दिवा माझ्या डोळ्यांवर पडतो.” दुरुस्तीनंतर बेरीज चोवीस झाली. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो : उरलेले आयुष्य लघवीचा त्रास आता आहे तसाच राहिला तर तुम्हाला कसे वाटेल? चार वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते, आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

त्यानंतर यूरोफ्लो. ‘पोट फुटेल असे वाटेपर्यंत’ पाणी पिऊन एका लहान खोलीत नरसाळ्यात लघवी करायची. खालच्या भांड्याचे वजन यंत्र मोजते आणि सेकंदाला किती मिलिलिटर याचा आलेख काढते. दाराबाहेरून सिस्टर दोनदा विचारून गेल्या, “काका, झालं का?” आणि त्या प्रत्येक विचारण्यासरशी आलेखात एक खड्डा पडलेला मी नंतर पाहिला. सर्वाधिक वेग सहा मिलिलिटर होता. पंधराच्या वर असला की सहसा चिंता नसते, दहाच्या खाली आला की अडथळ्याचा संशय घेतात. सोनोग्राफीत लघवीनंतरही एकशे चाळीस मिलिलिटर मूत्राशयात उरलेली दिसली आणि ग्रंथी चौऱ्याऐंशी ग्रॅमची भरली, जी तरुणपणी साधारण वीस ग्रॅमची असते. पीएसए, म्हणजे कर्करोगाचा अंदाज घेण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचे प्रथिन, २.१ आले म्हणून मी खूश झालो, पण मी ग्रंथी लहान करणारी ड्युटॅस्टेराइडही घेत होतो आणि त्या गोळीने पीएसए निम्म्यावर येते, तेव्हा तो आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. म्हणून एमआरआय झाला. त्यात कर्करोगाचा संशय घ्यावा असे काही दिसले नाही.

एवढ्या मोठ्या ग्रंथीसाठी डॉक्टरांची पहिली पसंती होल्मियम लेझरला होती. त्यात ग्रंथीचा वाढलेला भाग मूत्रमार्गातूनच आतून सोलून काढतात, पोटावर छेद नसतो, आणि निघालेला भाग तपासणीला पाठवता येतो. अडचण माझ्या हृदयाची होती. मे महिन्यात मला स्टेंट बसला होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर थांबवायच्या नाहीत, असे हृदयरोगतज्ज्ञांनी निक्षून सांगितले होते. या गोळ्या चालू ठेवूनही लेझर करतात, पण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांनी स्वतःच दुसऱ्या, धमनीतून नळी घालून उपचार करणाऱ्या विभागाचा रस्ता दाखवला. आपला रुग्ण आपणहून दुसऱ्याकडे पाठवणारा डॉक्टर भेटणे हे मी नशीब समजतो.

उपचाराचे नाव प्रोस्टेट आर्टरी एम्बोलायझेशन. ग्रंथीला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत वाळूच्या बारीक कणांसारखे कण सोडून तो पुरवठा तोडायचा, की ग्रंथी उपाशी राहून काही आठवड्यांत आक्रसते. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या डॉ. फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी २०१० साली या उपायाने उपचार केलेल्या आपल्या पहिल्या दोन रुग्णांविषयी लिहिले. शस्त्रक्रियेच्या मानाने पुन्हा उपचाराची गरज पडण्याची शक्यता यात जास्त असते, परिणाम सावकाश दिसतो आणि तपासणीला पेशींचा तुकडा मिळत नाही, हे सर्व मला स्पष्ट सांगितले गेले. लेझरनंतर वीर्य बहुतेकांत मागे मूत्राशयात जाते, यात ते सहसा होत नाही, हेही सांगितले गेले. अडुसष्टाव्या वर्षी हा मुद्दा ऐकताना मी खिडकीबाहेर पाहत होतो, पत्नीने मात्र मान डोलावली.

विम्याने महिनाभर थकवले. कॅशलेसचा अर्ज ‘हा उपचार यादीत नाही’ म्हणून परत आला. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी आहे. तिच्यात प्रोस्टेटचे लेझर आहे, गर्भाशयाच्या धमनीचे एम्बोलायझेशनही आहे, पण प्रोस्टेटच्या धमनीचे नाही. मी तीच यादी पुढे करून, स्त्रियांना चालते ते पुरुषांना का चालत नाही, असे लिहिले. डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्यांचे कारण देणारे पत्र जोडले. अखेर पैसे आधी भरून नंतर मागण्यावर तडजोड झाली आणि बरीचशी रक्कम परत मिळाली. कापलेल्या रकमेचे कारण अजून मिळालेले नाही.

दिवाळीनंतर नवी मुंबईतील रुग्णालयात दाखल झालो. धमन्यांचा नकाशा मिळावा म्हणून सीटी अँजिओ आधीच झाली होती. डाव्या मनगटात भूल देऊन नळी घातली. मे महिन्यात हृदयासाठी उजवे मनगट वापरले होते, त्यामुळे दोन्ही हात एकदाचे सारखे झाले. मी पूर्ण जागा होतो. रंगद्रव्य सोडले की पाठीखाली कोमट पाणी सांडल्यासारखे वाटत असे आणि पडद्यावर काळ्या फांद्यांचे झाड उमटत असे. उजव्या बाजूचे काम पाऊण तासात आटोपले. डावी धमनी मात्र स्प्रिंगसारखी वळलेली निघाली. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या त्या नळीत शिरण्यासाठी डॉक्टरांनी तीन वेळा तार बदलली आणि मधे त्यांचे बोलणे पूर्ण थांबले. एकही कण चुकीच्या फांदीत, मूत्राशयाकडे किंवा गुदाशयाकडे, जाता कामा नये म्हणून हा उशीर होता. अडीच तासांनी पुन्हा रंग सोडला तेव्हा झाडाचे खोड होते, पण ग्रंथीकडे जाणाऱ्या फांद्या उमटल्याच नाहीत.

दुसऱ्या सकाळी लघवीची नळी निघाली आणि संध्याकाळी मी घरी आलो. पुढचे पाच-सहा दिवस मात्र माझी परीक्षा पाहणारे होते. लघवीला आग, ओटीपोटात कळ, अर्ध्या-अर्ध्या तासाने धाव, दोनदा गुलाबी लघवी. हे होणार हे कागदावर लिहून दिले होते, तरी रात्री दोन वाजता तो कागद वाचून समाधान होत नाही. चौथ्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला. ताप नाही आणि धार चालू आहे एवढे विचारून घेऊन त्यांनी दाह कमी करणारी गोळी वाढवली. दहाव्या दिवसापासून आग उतरली. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी जाग आली तेव्हा उजाडले होते आणि रात्री मी दोनदाच उठलो होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच नरसाळे. या वेळी सिस्टरांनी दार वाजवले नाही. वेग बारा, उरलेली लघवी साठ मिलिलिटर, ग्रंथी एकसष्ट ग्रॅम. प्रश्नावलीची बेरीज नऊ आली आणि ती पत्नीने तपासून मान्य केली. ड्युटॅस्टेराइड बंद झाली आहे, टॅमसुलोसिन सध्या एक दिवसाआड चालू आहे. पीएसए सहा महिन्यांनी पुन्हा करायचे आहे. घरातील सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावर पत्नीने लाल पेनाने माझे नाव लिहून त्यावर फुली मारून ठेवली आहे.