भटकंतीची गाडी भुईकाट्यावर

नाशिकहून पेठ, सुरगाणा, बागलाण किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला फोर बाय फोर घेऊन भटकणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे आणि त्याबरोबर टपावर, मागच्या दारावर आणि बंपरवर चढणारे सामानही वाढले आहे. इंजिनाची ताकद, टायरची नक्षी, ग्राउंड क्लिअरन्स या विषयांवर ही मंडळी तासभर बोलू शकतात. पण गाडीला एकूण किती वजन वाहण्याची परवानगी आहे असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘भरपूर’ असे येते. हे उत्तर चुकीचे आहे. दणकट दिसणाऱ्या गाडीची भारक्षमता जास्तच असेल, असे गृहीत धरता येत नाही. कित्येकदा जाड चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), ट्रान्सफर केस (इंजिनाची शक्ती पुढे-मागे वाटणारी पेटी) आणि दोन्ही ॲक्सलांना, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांना, शक्ती पोहोचवणारी यंत्रणा यांचेच वजन इतके असते की माणसांसाठी आणि सामानासाठी उरणारा वाटा एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीपेक्षाही कमी भरतो.

हिशेब मुळात दोन आकड्यांचा आहे. पहिला आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा, जो नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेला असतो. कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात चालकाचे वजन धरलेले नसते. दुसरा आकडा भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा, ज्याला आपण सर्रास जीव्हीडब्ल्यू म्हणतो. तो प्रमाणपत्रावर सापडला नाही तर कंपनीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवर लावलेल्या पाटीवर शोधावा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरते, तेवढेच आपल्या हाती असते आणि त्यात चालक, सोबती, मुले, पाणी, तंबू, टपावरचे कॅरिअर, नंतर बसवलेला प्रत्येक बंपर आणि प्रत्येक दिवा हे सगळे मावावे लागते.

उदाहरणादाखल पाच दारांची मारुती जिमनी घेऊ, कारण तिचे आकडे सहज मिळतात. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १२०० किलो आणि कमाल एकूण वजन १५४५ किलो. म्हणजे हाती राहतात साधारण ३४५ किलो. चार प्रौढ माणसे सरासरी ६८ किलोंची धरली तर त्यांचेच २७२ किलो झाले आणि उरले ७३. त्यात २५ किलोंचे लोखंडी कॅरिअर बसवले की ४८ राहतात. २० लिटर पाण्याचा कॅन ठेवला की २८. चौघांच्या बॅगा प्रत्येकी आठ किलोंच्या म्हटल्या तरी हिशेब उणे झाला, आणि अजून तंबू, शेगडी, भांडी, हवा भरण्याचा कंप्रेसर यांपैकी एकही वस्तू गाडीत आलेली नाही. यात गाडीचा दोष नाही. दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन हीच गाडी निवांत आणि पूर्णपणे मर्यादेत फिरते. म्हणून माझे मत असे आहे की सामानाची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी, आणि चौघे जाणार असतील तर मुक्काम तंबूत न करता गावातल्या एखाद्या घरगुती निवासात करावा.

कागदावरचा हिशेब मात्र नेहमी कमीच भरतो, कारण आपल्या वस्तूंची वजने आपण मनाने हलकी धरतो. यावर नाशिककरांच्या हाताशी फार सोपा उपाय आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात भुईकाट्यांना तोटा नाही. पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समित्यांच्या परिसरात, आडगावच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला, तसेच सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जागोजागी इलेक्ट्रॉनिक काटे आहेत आणि किरकोळ पैशांत वजनाची छापील पावती मिळते. हंगामात ट्रॅक्टरांची रांग असते, त्यामुळे दुपारी उशिरा किंवा बाजार बंद असेल त्या दिवशी जावे. काट्यावरच्या माणसाला प्रथम थोडे नवल वाटते. ‘‘दादा, मालाच्या रकान्यात काय टाकू?’’ असे मला विचारले गेले, तेव्हा मागच्या सीटवरून आमच्या सौभाग्यवतींनी ‘‘कुटुंब टाका,’’ असे सांगितले. त्याने न हसता ‘किरकोळ’ असे टाईप केले आणि पावती खिडकीतून बाहेर सरकवली.

वजन करताना टाकी पूर्ण भरलेली असावी, सगळी माणसे आपापल्या जागी बसलेली असावीत आणि सामान प्रवासात जसे असणार तसेच रचलेले असावे. प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी, आणि शेवटी पुढची चाके उतरवून फक्त मागची. प्रत्येक वेळी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असावा. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन त्याच्या पातळीत असेल तरच अर्ध्या गाडीचा आकडा विश्वासार्ह मानावा, कारण गाडी उतारावर तिरपी उभी राहिली की भार एका ॲक्सलवरून दुसऱ्याकडे सरकतो. पुढच्या आणि मागच्या वजनांची बेरीज एकूण वजनाशी जुळली पाहिजे. मोठे काटे पाच, दहा किंवा वीस किलोंच्या टप्प्यांनी आकडा दाखवतात, तेव्हा तेवढा फरक सोडून द्यावा. मात्र याच कारणाने मर्यादेच्या अगदी काठावर न राहता तीस-चाळीस किलो मागे थांबणे शहाणपणाचे ठरते.

निम्म्या गाडीचे वजन घेण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि भटकंतीच्या गाड्यांत नेमके तेच अधिक वेळा घडते, कारण आपले जवळजवळ सगळे सामान मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.६ मीटर असलेली गाडी घ्या आणि तिच्या मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे, म्हणजे साधारण मागच्या दारावर, ५० किलो टांगा: एक जादा चाक, लोखंडी चौकट आणि भरलेला कॅन मिळून एवढे वजन सहज होते. मागच्या ॲक्सलवर ५० नव्हे तर सुमारे ६९ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून १९ किलो कमी होतात. तरफेचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. फक्त गाडीही एक तरफच असते याकडे लक्ष जात नाही. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटते, ओल्या रस्त्यावर वळताना गाडी सरळ जाऊ पाहते, आणि सर्वात जास्त काम करणारे पुढचे ब्रेक नेमके तिथेच भार गमावून बसतात.

याच नियमाचा उलटा फायदाही घेता येतो. पाण्याचा २० किलोंचा कॅन मागच्या दारावरून काढून मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे, म्हणजे मागच्या सीटच्या पायांपाशी जमिनीवर ठेवला, तर मागच्या ॲक्सलवर पडणारा त्याचा भार सुमारे २८ किलोंवरून १६ किलोंवर येतो. एकही वस्तू घरी न ठेवता १२ किलो मिळाले. जड वस्तू खाली, मध्यभागी आणि पुढच्या बाजूला. हलक्या वस्तू वर आणि मागे. आणि सगळे पट्ट्यांनी घट्ट बांधलेले, कारण जोराचा ब्रेक लागला की मोकळा कॅन सरळ पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळतो.

टपाची मर्यादा वेगळी असते आणि ती बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी असते. पुस्तिकेतला हा आकडा चालत्या गाडीसाठी असतो आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरावे लागते; लोखंडी कॅरिअर बसवले की त्या मर्यादेचा मोठा भाग तिथेच संपतो. रूफटॉप तंबू पन्नास ते सत्तर किलोंचा असतो. रात्री गाडी उभी असताना त्यात दोन माणसे झोपली तर चालते, कारण उभ्या गाडीचे टप कितीतरी अधिक भार पेलते. पण त्यावरून चालत्या गाडीचा अंदाज बांधू नये. आडव्या उतारावर किंवा खोल चाकोरीत एक बाजू खाली गेली की टपावरचे वजन गाडीला कलंडण्याच्या दिशेने ओढते, आणि साल्हेरच्या पायथ्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर अशी तिरपी जागा शोधावी लागत नाही. कापडी टपाच्या थारवर तर कॅरिअरचा प्रश्नच येत नाही. थार आमच्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होते, त्यामुळे इथे तिचा अभिमान थोडा जास्त आहे, पण अभिमानाने कापड भार पेलत नाही.

मागचा भाग बसला की गॅरेजवाला हमखास सुचवतो, ‘‘मागच्या स्प्रिंगा कडक टाकून घ्या.’’ त्याने गाडी पुन्हा सरळ उभी राहते आणि डोळ्यांचे समाधान होते. पण चासी, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात, आणि नोंदणीतला कमाल वजनाचा आकडाही तोच राहतो. ऑस्ट्रेलियात परवानाधारक अभियंत्याकडून ठरावीक भाग बदलून तो आकडा अधिकृतपणे वाढवून घेता येतो. तिथली चित्रफीत पाहून इथे फक्त स्प्रिंगा बदलण्यात अर्थ नाही. बसलेला मागचा भाग ही गाडीने दिलेली सूचना आहे आणि स्प्रिंग बदलून आपण फक्त ती सूचना दिसेनाशी करतो.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तिथले प्रवासी दोन टाक्या, शंभर लिटर पाणी, दोन स्टेपन्या आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) घेऊन निघतात, कारण पुढचा पंप शेकडो किलोमीटर दूर असतो आणि मध्ये वस्ती नसते. आपल्याकडे घोटी, त्र्यंबकेश्वर, कळवण, सटाणा या सगळ्या ठिकाणी पंप आहेत, आणि चाळीस लिटरच्या टाकीत बारा किलोमीटरचा ॲव्हरेज धरला तरी ४८० किलोमीटरचा पल्ला मिळतो. इंधनाचा जादा कॅन आपल्याला लागत नाही. तो आत ठेवणे तर धोक्याचेच. दर पंधरा-वीस किलोमीटरवर गाव आहे, गावात चहाची टपरी आहे आणि गाडी रुतली तर ट्रॅक्टर आहे. त्यामुळे पस्तीस-चाळीस किलोंची विंच आणि ती बसवण्यासाठी तेवढ्याच किंवा त्याहून जड वजनाचा लोखंडी बंपर हा आपल्या भागात मुख्यतः फोटोसाठीचा भार आहे. शिवाय डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितलेले आहे. गाडी ओढण्याचा चांगला टो-पट्टा, तो अडकवायच्या दोन लोखंडी कड्या म्हणजे शॅकल, फावडे आणि रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्यांची, म्हणजे ट्रॅक्शन बोर्डांची जोडी यांवर माझे काम भागते. घेतलेल्या वस्तूंतही वजन वाचवता येते: शंभर ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोंच्या आसपास असते, तर तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी तिच्या निम्म्याहूनही हलकी, किंमत मात्र खिशाला लागते.

टायर आणि ब्रेक यांबद्दल थोडक्यात. टायरच्या भिंतीवर मापानंतर येणारा आकडा भाराचा सांकेतिक आकडा असतो. जिमनीच्या १९५/८० आर १५ टायरवरचा ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, तेही पुरेशी हवा असतानाच. दाराच्या चौकटीवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी जास्त हवा सांगितलेली असेल तर तेवढी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरावी. कमी हवा, जादा भार आणि एप्रिलच्या दुपारी समृद्धी महामार्गावर १२० चा वेग हे टायर फुटण्याचे ठरलेले समीकरण आहे. कसारा किंवा सप्तशृंगीचा घाट उतरताना जास्त वजनाच्या गाडीचे ब्रेक जास्त तापतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ मध्ये नोंदणीतल्या कमाल वजनापेक्षा अधिक भार घेऊन गाडी चालवण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली त्यासाठी २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनासाठी २,००० रुपये अशी तरतूद आहे. खाजगी गाडी अडवून काट्यावर नेल्याचे क्वचितच दिसते, हे खरे. पण अपघात झाला तर गाडीत काय काय होते याची चौकशी विमा कंपनी करू शकते, आणि तेव्हा युक्तिवाद आपल्याला करावा लागतो.

एक गोष्ट परतीच्या वाटेची. जाताना नेलेले पाणी आणि शिधा संपलेला असतो, गाडी हलकी झालेली असते, आणि लासलगाव किंवा सटाण्याच्या बाजूने येताना घरून फोन येतो की कांदे स्वस्त मिळत असतील तर घेऊन या. कांद्याची गोणी साधारण पन्नास किलोंची असते आणि शेतकरी आपुलकीने ती थेट टपावर टाकायला निघतो. त्याला नम्रपणे थांबवावे, मागची सीट दुमडावी, गोणी पुढच्या सीटच्या पाठीला टेकून जमिनीवर आडवी ठेवावी आणि पट्टा ओढून बांधावी. दोन गोण्या हव्या असतील, तर सोबत्यांपैकी एकाने एसटीने यावे.